गणपत मेस्त्री आणि काँप्युटरचे पंखे

तळेऱ्याच्या तिठ्यावर गाडीची वाट बघत उभ्या राहिलेल्या माणसाला गणपत मेस्त्री दिसला नाही, असं सहसा व्हायचं नाही. देवगडकडे फुटणाऱ्या रस्त्याला लागून त्याचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं, पण तो दुकानात सापडला तर नवल. समोरच्या हॉटेलात चहा मागवील, अर्धा पिऊन उठेल, विजयदुर्गच्या गाडीतून कोण उतरलं ते बघून येईल, दुकानाच्या पायरीवर टेकेल आणि टेकतो न टेकतो तोच पुन्हा उठेल. "गणपाच्या पायाक भिंगरी आसा," असं लोक म्हणायचे. पूर्वी त्यात नुसती थट्टा होती. शहाऐंशी सालाच्या सुमाराला म्हणणारे आवाज खाली आणून म्हणू लागले, कारण गणपतचा उजवा हात त्याच्या ऐकण्यात राहिला नव्हता.

हात थरथरायचा. सुरुवात अंगठ्यापासून झाली. तांदळाचा दाणा चोळून बघावा तसा अंगठा बोटावर आपोआप घासत राहायचा. मग ते मनगटात आलं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि त्रास कमी होईल पण जाणार नाही, असं स्वच्छ सांगून टाकलं. गणपत तेव्हा पन्नाशीलाही पोचला नव्हता. साऱ्या टापूतले विहिरींवरचे पंप, भाताच्या गिरण्यांच्या मोटारी, लग्नात आंदण आलेले पंखे त्याच्या हाताखालून गेले होते. जळकी मोटर नुसती हुंगून ती कोरडी चालल्यानं जळली की कमी व्होल्टेजनं, ते तो सांगायचा आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर निघायचा. असला माणूस आता कप बशीत वाजायला लागला की चहा टाकून उठत होता.

दुकान बंद पडलं नाही ते सुगंधामुळे. सुगंधा म्हणजे त्याची बायको. जेवणाचा डबा घेऊन यायची ती बसायची, बघायची. एका दुपारी गणपतच्या हातून पंपाच्या कॉईलची तार पुन्हापुन्हा सुटायला लागली तेव्हा ती म्हणाली, "सरा वायच," आणि त्याच्या जागेवर बसली. त्या दिवसापासून ती जागा तिची झाली. शिकवलं त्यानंच, पण शिव्या घालत. वेढा सैल पडला की शिवी, तारेवर चढवायचं वार्निश ओघळलं की शिवी. दुकानातल्या शिव्या ती निमूट ऐकून घ्यायची. घरी मात्र एक शब्द चालवून घेत नसे.

तिच्या बोटांखाली तार सरळ बसताना बघून गणपतला बरं वाटायचं आणि त्याच क्षणी ते बघवायचंही नाही. म्हणून तो बाहेर जायचा. बाहेर गेला की आत ती काय चुकवतेय ते बघायला परत यायचा. दिवसभर हेच.

एप्रिलात देवगडचे काशिनाथशेट जीप घेऊन आले. आंब्याचे मोठे व्यापारी, आणि गणपतचे जुने गिऱ्हाईक. कलमांच्या बागेतला त्यांचा पंप जळला तेव्हा त्यानंच नवी तार भरून दिला होता.

"गणपा, माझो काँप्युटर मरता रे," त्यांनी जीपमधूनच सांगितलं.

गणपतनं ही वस्तू तोवर फक्त मासिकातल्या चित्रात पाहिली होती. काशिनाथशेटना ती मुंबईच्या एका कंपनीनं मोडीत काढली तेव्हा मिळाली होती. कपाटाएवढं जुनं यंत्र. कुठल्या बागायतदाराच्या किती पेट्या कुठल्या दलालाकडे गेल्या, हे ते यंत्र भराभर छापून द्यायचं. त्याच्या पाठीमागे हाताच्या पंजाएवढे चार पंखे होते. ते आतली गरम हवा बाहेर फेकत. समुद्राचा खारा वारा आणि पेंढ्याची धूळ खाऊन त्यातले दोन पंखे बंद पडले होते. आत गरमी वाढली की यंत्र आपणहून मिटायचं. ऐन हंगामात रोज दुपारी ते डोळे मिटून बसे. मुंबईला विचारलं तर हे मॉडेलच आता निघत नाही, पंखे परदेशातून मागवावे लागतील, पावसाळ्यापर्यंत वाट बघा, असं उत्तर आलं.

"पंखे काडून हय पाठवा," सुगंधा आतून म्हणाली. "मी बघतंय."

"पाठवूक कित्या होये?" गणपत एकदम उसळला. "मी येतंय, शेट. आत्ता येतंय." आणि हत्यारांची पिशवी उचलून तो जीपमध्ये चढूनही बसला. सुगंधानं गोळ्यांची पुडी त्याच्या खिशात कोंबली. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

काशिनाथशेटच्या वखारीच्या माडीवर काँप्युटरची खोली होती. दार उघडताच बांगडा मासळीचा वास आला. गणपत थबकला तेव्हा टेबलामागची मुलगी हसली. तिचं नाव आनंदी; यंत्र तीच चालवायची. जामसंड्याची मुलगी, पुण्याला जाऊन हे काम शिकून आली होती.

"वास शेटच्या औषधाचा आहे, काका," ती म्हणाली. "बंदरावरून मासळीच्या बर्फाच्या लाद्या आणून घमेल्यात ठेवल्या होत्या, पुढे टेबलफॅन. यंत्र थंड झालं नाही, पण भिंतींना पाणी सुटलं. अजून एक दिवस ठेवला असता तर आतल्या तारांना गंज चढला असता. मीच ती घमेली खाली नेऊन टाकली."

"माका सुचला तां मी केलंय," काशिनाथशेट ओशाळून म्हणाले आणि पेट्या मोजायच्या निमित्तानं खाली गेले.

गणपतनं कपाटाचं मागचं झाकण काढलं. हातात पेचकस घट्ट धरला की थरथर कमी दिसते, हे तो शिकला होता. पंखे बाहेर आले. एकाचं दुखणं साधं होतं. आतलं पितळी बुश कोरडं पडून आस जाम झाला होता. रॉकेलनं धुतला, शिवणयंत्राचं तेल पाजलं, पात्याला टिचकी मारली तसा तो गुणगुणत फिरायला लागला. आनंदीनं टाळी वाजवली. गणपतला कित्येक महिन्यांनी स्वतःच्या हाताबद्दल बरं वाटलं.

दुसऱ्याला त्यानं नाकाशी धरलं आणि त्याचा चेहरा उतरला. कॉईल जळली होती. ती नव्यानं भरायची म्हणजे केसासारखी बारीक तार. असल्या तारा त्यानं पूर्वी गाणी गुणगुणत भरल्या होत्या. आता मनगटाला एक झटका आला आणि तार तुटली. पुन्हा जोडली, पुन्हा तुटली. आनंदी छपाईच्या कागदात डोकं घालून बसली होती. ती मुद्दाम बघत नाही, हे त्याला कळलं. ते न बघणंच त्याला सोसवेना.

"ह्या हय जमाचा नाय," तो उठत म्हणाला. "दुकानात मशीन आसा. दोनय पंखे घेवन जातंय. परवा आणून बसयतंय."

एस.टी.त बसायला जागा असून तो तळेऱ्यापर्यंत उभा राहिला.

सुगंधानं जळका पंखा घेतला, जुनी तार उलगडून वेढे मोजले, आणि चष्मा लावून बसली. गणपत शेजारी बसला. दोन वेढे बघितले आणि म्हणाला, "ओढ नको. तार तुटात."

"ओढणंय नाय."

"डाव्या बोटाचो दाब कमी कर."

"तुमी वायच भायर जावन येवा बघूया."

तो बाहेर गेला. हॉटेलपर्यंत गेला, परत आला, दारातून डोकावला, पुन्हा गेला. मालवणची गाडी आली, गेली. दुपार कलली तेव्हा आतून त्याला बारीक गुणगुण ऐकू आली आणि तो रस्त्यातच थांबला. पंखा फिरत होता. आवाजात कुठेही खरखर नव्हती. त्यानं स्वतः भरला असता तर यापेक्षा चांगला झाला नसता. तो आत गेला आणि म्हणाला, "वार्निश जरा ज्यास्त झालासा."

सुगंधानं दोन्ही पंखे फडक्यात गुंडाळले. "बसवूक मी येव?"

"चार स्क्रू पिळूक दोन माणसां कित्या?"

देवगडला तो पोचला तेव्हा आनंदी जेवायला घरी गेली होती. गणपतला हायसं वाटलं. ती यायच्या आत काम उरकायचं, हा एकच विचार त्याच्या डोक्यात होता. पंखा जागेवर धरायचा तर स्क्रू आतल्या अंगानं, कपाटात हात घालून लावावे लागत होते. आत हात गेला की तो कशाकशाला आपटत होता, स्क्रू निसटून फरशीवर पडत होते. मग त्याच्या लक्षात आलं की पंखा फिरवून उलट बाजूनं धरला तर तेच स्क्रू बाहेरून सहज लागतात. त्यानं दोन्ही पंखे तसे बसवले. आनंदी आली तेव्हा चारही पंखे घोंगावत होते आणि गणपत खिशात हात घालून खिडकीशी उभा होता. काशिनाथशेटनी आंब्याची पेटी बांधून दिली, वर पाठीवर थाप. परतीच्या गाडीत तो बसला, इतकंच नव्हे तर डुलकीही लागली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलातल्या फोनवर शेटचा निरोप आला. यंत्र आधी दुपारी बंद पडायचं, ते आता सकाळीच बंद पडलं. "मेस्त्रीक सांग, आधी होता तां बरां होता," असे शब्द होते, आणि हॉटेलवाल्यानं ते दहा गिऱ्हाइकांच्या देखत मोठ्यानं सांगितले.

गणपत दुकानात शिरला तोच ओरडत. "तुझी कॉईल! आत वेढे चिकाटले असतले. सांगलंय तुका, वार्निश ज्यास्त झालासा. माझी वीस वर्सांची अब्रू घालवलंस तू!"

सुगंधा पंपाच्या मोटरवर वाकली होती. ती सरळ झाली. तिनं हात पुसले, पेचकस, पक्कड, दिव्याची वायर पिशवीत भरली, बॅटरी घेतली आणि दुकानाच्या फळ्या लावायला सुरुवात केली.

"खंय चललंस?"

"देवगडाक. माझी कॉईल जळली असात तर मी बघतंय. तुमी येतास काय रवतास?"

गाडीत दोघं शेजारी बसली. गणपतचा हात मांडीवर नाचत होता. तो त्यानं मांडीखाली दाबून धरला. शिरगावच्या पुढे चढावर गाडी रेंगाळली तेव्हा तो म्हणाला, "शेट काय बोलले तर तू बोलू नको. मी बोलतंय."

काशिनाथशेट बोललेच. खाली पेट्यांची थप्पी लागली होती, दलालांचे ट्रक उभे होते, कुणाच्या पेट्या कुठे जायच्या याचा कुणाला पत्ता लागत नव्हता. "तुझ्यार इस्वास ठेवलंय, गणपा, ही माझी चूक!" असं ते सगळ्या हमालांसमोर म्हणाले. गणपत मान खाली घालून जिना चढला.

सुगंधानं वर येताच यंत्र चालू करायला सांगितलं. पंखे फिरू लागले. तिनं एकेकाच्या जवळ कान नेला. तिनं भरलेली कॉईल ठणठणीत होती, गरमसुद्धा झाली नव्हती. चारही पंखे जोरात चालले होते, मग बिघडलं कुठं? गणपत खोलीत येरझारा घालत होता. मध्येच यंत्राकडे यायचा, पुन्हा खिडकीकडे जायचा.

"एक सांगू का?" आनंदी चाचरत म्हणाली. "पूर्वी इथं मागं उभं राहिलं की पायांना गरम वारा लागायचा. साडी उडायची. दोन पंखे बंद होते तेव्हासुद्धा थोडा लागायचा. काल दुपारपासून तसा लागतच नाही."

सुगंधानं छपाईच्या कागदाची बारीक पट्टी फाडली आणि पंख्यांच्या जाळीपुढे धरली. पहिल्यापुढे पट्टी बाहेरच्या अंगाला फडफडली. दुसऱ्यापुढेही तशीच. तिसऱ्यापुढे नेली तशी ती सपकन जाळीला जाऊन चिकटली. चौथ्यालाही चिकटली.

"हे दोन वारो भायर सोडणत नाय," ती हळू म्हणाली. "आत ओढतत. ते दोन सोडतत तोच गरम वारो हे दोघे पुन्ना आत घेतत."

गणपतच्या येरझारा थांबल्या. तिसरा आणि चौथा. त्यानंच बसवलेले. पंखा कुठल्या तोंडानं बसतो, हे बघणं म्हणजे या धंद्यातलं पहिलं अक्षर. खिडकीशी उभं राहून त्यानं बंदराकडे तोंड केलं. खाली होड्या लागलेल्या, बायकांचा लिलावाचा कालवा चाललेला. त्याला वाटलं, असंच जिना उतरावं, मिळेल त्या गाडीत बसावं आणि गाडी नेईल तिकडे जावं.

सुगंधानं कपाटाचं झाकण काढलं. "आत काळोख आसा," ती म्हणाली. "बॅटरी धरा."

तो गेला नाही. परत आला आणि बॅटरी धरली. कपाटाच्या आत उजेड नाचायला लागला, तारांच्या सावल्या भिंतीवर थयथय नाचल्या. आनंदी बघत होती. या वेळी तिनं नजर वळवली नाही. सुगंधानं पेचकस खाली ठेवला, नवऱ्याचं कोपर धरलं आणि ते कपाटाच्या कडेवर टेकवलं, वर आपला खांदा लावून दाबून धरलं. उजेड थांबला. पुरता नाही, पण काम करण्यापुरता थांबला.

"उलटे मी बसयलंय," गणपत म्हणाला. आनंदीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. "आत हात घालून स्क्रू लागूक नाय. म्हणान फिरवन लावलंय. कॉईलीचो काय दोष नाय."

"तो डाव्या अंगाचो स्क्रू दिया," सुगंधा म्हणाली.

पंखे सरळ झाले. झाकण लागलं. यंत्र सुरू झालं, आणि थोड्या वेळानं कपाटामागे उभ्या असलेल्या आनंदीनं पाऊल मागे घेतलं आणि हसून साडीचा काठ सावरला. खाली जाऊन गणपतनं काशिनाथशेटना स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. शेट नुसते "बरां, बरां" म्हणत राहिले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत यंत्र एकदाही मिटलं नाही.

पण खारा वारा कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. दोनेक आठवड्यांत बुश पुन्हा कोरडी पडली. पुन्हा तेल, पुन्हा रॉकेल. अशी डागडुजी किती दिवस करणार? सुगंधा म्हणाली, बुश नको, बेअरिंगचे पंखे मिळाले तर टिकतील. ते मिळणार कुठे? गणपतला जणू कुणी दाव्यातून सोडलं. तो म्हापशाच्या बाजारात गेला, कोल्हापुरात गेला, बेळगावच्या भंगारवाल्यांकडे दिवस दिवस उकरत बसला. कुठं मोडलेलं टेलेक्सचं यंत्र, कुठं कारखान्यातला निकामी झालेला यंत्राचा खोका. त्यातले पंखे काढायचे, पात्याला टिचकी मारायची, कानाशी धरायचं. बरा वाटला तर टॉवेलात गुंडाळून घरी आणायचा. पुढचं सुगंधानं बघायचं. काशिनाथशेटच्या यंत्राला अखेर चारही पंखे असेच मिळाले, त्यातला एकही दुसऱ्यासारखा नव्हता. एकाला बसवायला तर तिनं पत्र्याची चौकट कापून घेतली.

हळूहळू कणकवलीहून, रत्नागिरीहून लोक यायला लागले. कुणाच्या कचेरीत नवं यंत्र आलेलं, त्याचा पंखा करकरायला लागलेला. विचारायला आलेल्याला पायरीवर बसवून सुगंधा म्हणायची, "मेस्त्री भायरगावाक गेलेत. पंखो ठेवन जावा."

भांडणं काही मिटली नाहीत. तिनं नको म्हटलेल्या दिवशी तो हमखास जायचा. गोळ्या विसरायचा. बसमध्ये उभा राहायचा. एकदा बेळगावहून यायला त्याला दुसरा दिवस उजाडला, तेव्हा तिनं रागानं त्याचं ताट वाढलंच नाही आणि मग स्वतःही जेवली नाही.

एकोणनव्वद साली दिवाळी झाल्यावर गणपत हुबळीला गेला होता. संध्याकाळच्या गाडीनं परत आला. दुकानात सुगंधा वायरची रिळं आवरत होती. त्यानं टॉवेल टेबलावर ठेवला, उलगडला नाही.

"काय झाला? गावलो नाय?"

"गावलो. बेस आसा." तो तसाच उभा राहिला. नंतर त्यानं डावा हात तिच्यापुढे धरला. अंगठा बोटावर घासत होता, बारीक, थांबून थांबून. "गाडयेत दिसला माका. आधी वाटला, गाडी हलता म्हणान."

सुगंधा बघत राहिली. मग तिनं टॉवेल उलगडला, पंखा उचलला आणि बोटानं पातं फिरवलं. पातं बराच वेळ फिरलं.

"बेअरिंग बरा आसा," ती म्हणाली. "फुडल्या खेपेक खंय जाऊचा ठरवलात?"

"सांगलीक. थंय एकान साखर कारखान्याचा भंगार घेतलासा म्हणतत."

"कधी?"

"उद्याच जावचा होता." तो हाताकडे बघत म्हणाला. "आता बघूया."

"बघूचा काय तेच्यात?" सुगंधानं रिळं कपाटात टाकली आणि कुलूप शोधायला लागली. "सकाळच्या गाडयेन जावया. मी येतंय. माका भंगार निवडूक शिकवा. शिव्यो घातलात तरी चलात."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. सांगलीच्या त्या भंगाराच्या ढिगात दोघं उन्हं कलेपर्यंत होती. एकेक खोका उपसत गणपत पुढे पुढे जात होता, ओरडून सांगत होता, आणि मागून सुगंधा त्यानं टाकून दिलेल्यातला एखादा पुन्हा उचलून कानाशी धरत होती.